आबांच्या हसण्याची ट्रायल

"दात काडा त्यांचं. आत्ताच्या आत्ता काडा. मला ह्यो माणूस नगं."

हा आवाज जिना चढून माझ्या खोलीत आला, तेव्हा मी एका कवळीला पॉलिश करत होतो. आवाज असा की पॉलिशची मोटर आपण होऊन बंद पडली. त्याच वेळी पेठेतली वीज गेली होती असं आमचे डॉक्टर नंतर म्हणाले, पण डॉक्टरांचा स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर.

ही गोष्ट सत्तर सालानंतरची, सांगलीतली. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली हळदीची अडत आणि डोक्यावर माळा. त्या माळ्यावर मी. खाली पोती उघडली आणि वारा वर आला की आमचं पांढरं प्लास्टर पिवळं पडायचं, आणि पेशंटांच्या जबड्यांचे साचे भंडारा उधळल्यागत दिसायचे. एकदा तर एक म्हातारी साच्याच्या पाया पडून गेली.

मी दातांचा मेकॅनिक. बऱ्याच लोकांना वाटतं, कवळी डॉक्टर बनवतात. डॉक्टर तोंडात हात घालून जबड्याचं माप घेतात आणि तयार कवळी तोंडात बसवतात. मधलं सगळं मेकॅनिक करतो. पण लग्नात जेवणाचं कौतुक यजमानाला मिळतं, आचारी कुणाला दिसतो? तसंच आहे ते. तक्रार आली की मात्र आचाऱ्याला बोलावतात.

"खाली ये," डॉक्टर ओरडले.

खाली गेलो. खुर्चीत ज्ञानू आबा बसलेले. कडेगावकडचे उसाचे शेतकरी, पांढरा फेटा, मिशा अशा की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. तोंड गच्च मिटलेलं. शेजारी त्यांच्या मालकीणबाई हौसाआक्का कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि डॉक्टर भिंतीला असे चिकटलेले की भिंतीचा चुना कोणता आणि कोट कोणता ते कळेना.

आबांची कवळी महिन्यापूर्वी मीच केली होती. वरची आणि खालची, पूर्ण सेट. असे दात मी आधी केले नव्हते. एखाद्या सिनेमातल्या हिरोने बघितले असते, तर स्वतःचे उपटून हे मागितले असते.

"टोचतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांनी मान हलवली. नाही.

"सैल पडतात?"

नाही.

"मग चावता येत नाही?"

"ऊस सोलत्यात," आक्का म्हणाल्या. "त्येची तक्रार न्हाई."

"मग तक्रार कशाची आहे?"

"हसत न्हाईत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आमच्या धंद्यात या तक्रारीला औषध नव्हतं.

"आवं, लय हसणारा माणूस ह्यो," आक्कांचा आवाज जरा उतरला. "हे दात घालून घरी आलो, त्या दिशी हसलं. आन मी दचकले. वाटलं, दुसऱ्याच कुणाचा नवरा माज्याकडं बघून हसतोय. मी दचकलेलं त्येंनी बघितलं. त्या दिसापास्नं तोंड मिटलंय ते मिटलंय. दात काडून ठिवलं की हसत्यात, पर मग जेवत न्हाईत. गेल्या साली दात न्हवतं तर माणूस निम्मा झाला हुता माजा. आता तुमीच सांगा डाक्टर, जेवणारा ठिवू का हसणारा?"

"आजी, वय झालं की माणूस जरा गंभीर होतोच," डॉक्टर म्हणाले.

"मग तुमी ल्हानपणीच म्हातारं झालासा व्हय?"

डॉक्टर आणखी भिंतीत गेले. मी मध्ये पडलो.

"आक्का, आबांचे आधीचे दात कसे होते?"

"वाकडं," आक्का म्हणाल्या. पण हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा दुसऱ्या कुणी 'सोन्याचे' म्हटला असता. "म्होरलं दोन एकावर एक, जत्रंत माणसं टाचा उंच करून बघत्यात तसं. मधी फट. वर रुंद, खाली मिटलेली. आन एकाचा कोपरा उडालेला."

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कवळीचे दात आम्ही घडवत नाही. ते कंपनीकडून तयार येतात, पट्टीवर मेणात रोवलेले, शाळेच्या कवायतीला पोरं उभी करावीत तसे. आम्ही ते त्याच शिस्तीत कवळीत उभे करायचो. माणूस तालमीतला असो की कीर्तनातला, दात कवायतीचे. त्यालाच आम्ही चांगलं काम म्हणायचो.

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "साहेब, वाकडे बसवून बघू का?"

"वाकडी कवळी माझ्या दवाखान्यातून बाहेर जाणार नाही. लोक म्हणतील, डॉक्टरला दिसत नाही."

"मेणातच करतो. नुसती ट्रायल."

ट्रायल म्हणजे काय, तर कवळी पक्की करण्याआधी दात मेणावर उभे करायचे आणि पेशंटच्या तोंडात घालून बघायचे. मेण आहे तोवर दात हलवता येतो. एकदा मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरला आणि उकळत्या पाण्यात शिजवला, की मग ब्रह्मदेव आला तरी दात हलत नाही. आपल्या तोंडातले तरी हलतात.

"आणि वाकडे कसे बसवणार?" डॉक्टर म्हणाले. "जुना फोटो आहे का त्यांचा?"

फोटो होता. मुलगा फौजेत भरती झाला तेव्हाचा. पण त्यात सगळं घरदार असं उभं होतं, जसं फौजदारानं रांगेत धरलंय. सगळ्यांची तोंडं मिटलेली.

"हसले का नाही फोटोत?" मी विचारलं.

"फोटूत हसाय आमी काय नाटकवालं हाय?" आक्का म्हणाल्या. "गावाला चला, मिस्त्री. साऱ्या गावाला ठावं हायेत ह्यांचं दात."

आक्कांनी त्या दिवशी मला मेकॅनिकचा मिस्त्री केलं ते कायमचं. डॉक्टरांनी आबांच्या वरच्या जबड्याचं माप पुन्हा घेतलं आणि मला सांगितलं, "रविवारी जा. आणि हे मी सांगितलंय असं कुठे बोलू नकोस."

रविवारी मी मेणावर दात उभे करून एस. टी. त बसलो. चैत्राचं ऊन. त्या उन्हात डांबर पातळ होतं, तिथे मेणाची काय कथा. म्हणून कवळी गार पाण्याच्या पितळी डब्यात ठेवली होती आणि डबा मांडीवर. बस अशी भरलेली की श्वास घ्यायला शेजाऱ्याची परवानगी लागत होती.

कंडक्टर आला. "डब्यात काय हाय? मासं?"

"दात आहेत."

"कुणाचं?"

"कडेगावकडच्या एका आबांचे."

"मग त्येंचं बी तिकीट काडा."

मग सगळ्या बसला दात बघायचे होते. डबा पुढच्या दारापर्यंत जाऊन परत आला. विटा गाव येईपर्यंत निम्म्या लोकांनी आपापली तोंडं उघडून मला दाखवली होती, आणि एकाने तर उतरायचं गाव मागे टाकलं, कारण त्याच्या अक्कलदाढेचा निकाल लागायचा होता.

गावात पोचलो तर आबांच्या अंगणात लिंबाखाली सगळं गाव जमलेलं. मधोमध बाजेवर आबा, मुंडावळ्या बांधायच्या बाकी राहिलेल्या नवरदेवासारखे अवघडून बसलेले. पहिल्या रांगेत बाळू वस्ताद. हे आबांचे तालमीतले जोडीदार. दोन्ही कान कुस्तीने मोडून भज्यासारखे झालेले. मी पोचताक्षणी त्यांनी दातांच्या समितीचं अध्यक्षपद घेतलं. कुणी दिलं नव्हतं.

मी स्पिरिटचा दिवा पेटवला. सुरी गरम करायची, मेण सैल करायचं, दात सरकवायचा, कवळी पाण्यात बुडवून आबांच्या तोंडात द्यायची, आबांनी ओठ वर करायचा आणि गावाने निकाल द्यायचा, असं काम सुरू झालं.

"डावा उजव्यावर," वस्ताद म्हणाले.

"उजवा डाव्यावर," आबांची दाढी करणारा न्हावी म्हणाला. "मी रोज समोरनं बघतोय."

"मी काय माघारनं कुस्ती खेळलोय व्हय रं?"

"डावा," आक्का म्हणाल्या. "त्येंचा डावा. तुमचा न्हवं."

डावा उजव्यावर चढवला. गाव पुढे सरकलं. वस्ताद तर इतके पुढे आले की त्यांची मिशी आबांच्या मिशीत अडकते की काय असं वाटलं.

"आता फट," मी म्हणालो. "केवढी होती?"

"जोंधळ्याचा दाणा बसंल एवढी," एक जण म्हणाला.

"बाजरीचा," दुसरा म्हणाला.

यावर जी वादावादी झाली तिच्यापुढे पंचायतीची निवडणूक म्हणजे भजन. दोन्ही धान्यं सुपात आली. मी आधी बाजरीचा दाणा धरून फट ठेवली. आबांनी ओठ वर केला.

"दिसतंय तर तसंच," वस्ताद हळूच म्हणाले. "पर ज्ञानू काय दिसंना गड्या."

खरं होतं. दात आले होते, माणूस आला नव्हता. आबा पाहुण्यासारखे बसले होते आणि अधूनमधून आक्कांच्या तोंडाकडे चोरून बघत होते. बाई पुन्हा दचकते की काय, एवढीच त्यांना भीती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला. "आत्याबाई, मामंजींस्नी हसाय सांगा. त्याबिगार कळायचं न्हाई."

ही आबांची सून, शांता. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. त्या घरात सुनेने सासऱ्यासमोर पदर खाली ओढून जायचं आणि मान वर करायची नाही, अशी रीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आबांचे दात वाकडे की सरळ हे तिने कधी बघितलंच नव्हतं. मी आक्कांना विचारलं, "मग हिला काय कळणार?"

"तिलाच इचारा."

दाराआडूनच उत्तर आलं. "मामंजी हसायच्या आदी शीळ यायची. बारीक. आन मग हसू. मळ्यातनं येताना वाटंनं कुणाशी तरी बोलून हसायचं, शीळ आयकली की मी तवा ठिवायची. हितं येऊन बसूस्तवर भाकरी तयार. दात गेलं तशी शीळ गेली. आता त्ये येऊन बसलं तरी मला पत्ता लागत न्हाई."

सगळ्या गावाने दात बघितले होते. शीळ सगळ्यांनी ऐकली होती, पण ती शीळ होती हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आता आबांना हसवायला हवं होतं. सांगून हसू येत नाही. वस्तादांनी दोन चुटके सांगितले. शेजारचा रेडासुद्धा हसला, आबा नाही.

मी म्हटलं, हसू येईपर्यंत दुसरं काम उरकू. "वस्ताद, दाताचा कोपरा केवढा उडाला होता?"

वस्तादांनी छाती काढली. "त्यो मीच उडवलाय की. फडातली कुस्ती. ज्ञानूनं पट काडला आन माजा गुडघा असा..."

"गप बसा वस्ताद," आक्का म्हणाल्या.

"का? साऱ्या गावाला म्हाईत हाय."

"गावाला तुमी सांगितलंय त्ये म्हाईत हाय. पाटणच्या बाजूला माजं म्हायेर. तिथल्या जत्रंत हे मला बघाय आलं हुतं. म्होरं उभं ऱ्हाऊन सोड्याची बाटली घेतली. गोटी बोटानं आत ढकलायची का न्हाई? ह्यांनी दातानं ढकलली. रुबाब दावाय. गोटी हुती तिथंच ऱ्हायली, कोपरा गेला. मी लय हसले. म्हनून तर हो म्हनले."

वस्तादांचं तोंड उघडं पडलं ते पडलंच. इतकी वर्षं सांभाळलेली कुस्ती एका सोड्याच्या बाटलीने चितपट झाली. ते आबांकडे वळले. "ज्ञान्या, लेका, तू एकदा बी बोलला न्हाईस?"

"तू लय रंगून सांगायचास रं," आबा म्हणाले, आणि हसले.

फुस्स.

सायकलची हवा जावी तसा आवाज. सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

"न्हाई," शांता म्हणाली.

पण आता बांध फुटला होता. वस्तादांच्या तोंडाकडे बघितलं की आबांना हसू फुटायचं. मी घाईने मेण गरम केलं, जोंधळ्याचा दाणा धरला, फट वाढवली, कवळी तोंडात दिली. आबांनी वस्तादांकडे बघितलं. अशी शिट्टी वाजली की फाट्यावर कडेगावची गाडी सुटायला निघाली होती ती ब्रेक मारून उभी राहिली. विश्वास नसेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. माझ्याशी तो अजून बोलत नाही.

"लय मोठी," शांता म्हणाली. आतून हसण्याचा आवाज आला. सासऱ्यासमोर सून हसली, पण त्या दिवशी रीत सुट्टीवर होती.

तेव्हा मला आक्कांचं दवाखान्यातलं बोलणं आठवलं. वर रुंद, खाली मिटलेली. मी दाण्यांचं सूप बाजूला सारलं. दात नुसता सरकवला नाही, किंचित कलता केला. खालचं टोक शेजाऱ्याला टेकलं, वर झोपडीच्या दारासारखी बारीक फट राहिली. कानशीने कोपरा घासला. पाण्यात बुडवून आबांच्या तोंडात दिली.

आबांनी या वेळी वस्तादांकडे बघितलं नाही. आक्कांकडे बघितलं. आक्का त्यांच्याकडे बघत होत्या आणि दचकल्या नाहीत.

आधी एक शीळ आली. सुताच्या धाग्याएवढी. आणि तिच्यामागून हसू आलं, ते अंगणभर झालं. मी कित्येक वर्षं तोंडं बघत आलो होतो, पण माणूस असा घरी परतताना बघितला नव्हता.

दाराआडून शब्द आला नाही. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

आक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला. "मिस्त्री, आता ह्येला हात लावू नगासा," म्हणाल्या.

त्या दिवशी मी भाकऱ्या किती खाल्ल्या ते सांगत नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. आबांना मात्र मेणाच्या दातांनी खाता येईना, म्हणून कवळी पुन्हा डब्यात गेली आणि त्यांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. अंगणात बसलेले सगळे चेहरे मी जेवता जेवता बघत होतो. कुणाचा सुळा बाहेर, कुणाची दाढ गेलेली, वस्तादांचा एक दात तर आडवाच. सकाळी बसमध्ये याच गोष्टी मला दुरुस्तीची कामं वाटल्या होत्या. आता एकालाही हात लावावासा वाटेना. धंद्याच्या दृष्टीने ही फार वाईट गोष्ट, पण त्या अंगणाचे उपकार मी अजून मानतो.

सोमवारी डॉक्टरांनी मेणाची कवळी उलटसुलट करून बघितली.

"हे दात आहेत की भाऊबंदकी?"

"साहेब, ट्रायल पास झाली आहे."

"जरासे सरळ करू. कुणाला कळणारही नाही."

"कडेगावकडे एक बाई आहे. तिला स्वयंपाकघरातून कळतं."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कवळी माझ्या हातात परत दिली. "शिजव," म्हणाले.

प्लास्टरमध्ये दाबून, मेण धुऊन, मसाला भरून मी ती शिजवली. पाणी उकळत होतं तोवर तिथून हललो नाही. पॉलिश करताना फटीपाशी मोटर लावलीच नाही, हाताने कापड फिरवलं.

चार दिवसांनी आबा आणि आक्का आले. डॉक्टरांनी कवळी बसवली आणि सवयीने विचारलं, "टोचतात का?" आबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात मी माळ्यावरून उतरताना दारात ठेचकाळलो आणि डॉक्टरांच्या अंगावर गेलो. मुद्दाम नाही. मुद्दामच, पण तसं डॉक्टरांना अजून माहीत नाही.

शीळ आली. मग हसू आलं. खाली अडतीत हळद जोखणाऱ्याचा तराजू थांबला. आणि आमचे डॉक्टर, ज्यांना हसताना त्यांच्या लग्नातही कुणी बघितलं नव्हतं, ते खदाखदा हसले. त्यांचाही एक दात जरा पुढे आहे. चांगला दिसतो.

त्यानंतर दवाखान्यात एक नियम झाला. डॉक्टरांनी कुठे लिहिला नाही, पण पाळला. ट्रायलला पेशंटला एकटं बोलवायचं नाही. घरचं एक माणूस बरोबर पाहिजे, आणि आधी त्याला विचारायचं. आमचं काम दुप्पट झालं आणि कवायत बंद पडली.

आबा निघाले. आक्का पुढे जिना उतरून हळदीच्या भावाबद्दल कुणाशी तरी भांडत होत्या. माझ्या ध्यानात आलं, सगळ्या गावाला विचारलं, सुनेला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. ज्याच्या तोंडात दात, त्याला कुणी विचारलंच नाही.

"आबा, तुम्हाला कसे वाटतात?"

आबांनी वहाणेत पाय सरकवला.

"हिला इचारा. मला कुठं दिसत्यात."